सातपुड्यातील पक्ष्यांची शिकार आणि पहिल्या शीलाचा अर्थ

पंचशीलातील पहिले शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचा तो संकल्प आहे. उच्चारण्यास तो सोपा आहे. परंतु ज्या समाजाचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या अरण्याच्या आधारावर चालत आले, ज्याच्या घरातील धान्य पावसाळ्याच्या तोंडीच संपते, त्या समाजातील एखाद्या मुलाने गलोलीने होला पाडला, तर या शीलाच्या प्रकाशात त्या कृतीकडे कसे पाहावे? त्याला पापी म्हणावे, गुन्हेगार म्हणावे, की भुकेला म्हणून सोडून द्यावे? आणि तो होला नसून, साऱ्या जगातून जवळजवळ नष्ट झालेला एखादा पक्षी असेल तर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा धम्माच्या आणि कायद्याच्या दृष्टीने विचार करण्याचे योजिले आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, देवगोई घाट चढून गेल्यावर लागणारे मोलगी हे सातपुड्याच्या पश्चिम भागातील बाजाराचे गाव आहे. भोवतीच्या पाड्यांतून भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाज राहतात. डोंगरउतारावरील पावसाच्या शेतीत भगर, ज्वारी, मका पिकवावा, आमचूर, महू, चारोळी बाजारात आणावी आणि हे पुरेनासे झाले की मजुरीसाठी गुजरातेत जावे, असा तेथील बहुतेक कुटुंबांचा वार्षिक क्रम आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तीरकामठा, गलोल आणि फासे ही तेथील जीवनाची जुनी साधने आहेत. तितर, लावा, होला, रानकोंबडी यांची शिकार हा तेथे विलास नव्हता. अन्न मिळविण्याचा तो एक मार्ग होता.

रानपिंगळ्याची कथा

याच सातपुड्याने एका पक्ष्याला जगाच्या नजरेआड शतकाहून अधिक काळ जपले. त्याचे नाव रानपिंगळा. घुबडाच्या कुळातील हा लहानसा पक्षी १८७२ साली एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात मिळविला आणि पुढील वर्षी अ‍ॅलन ह्यूम याने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात, शहादा-तळोदा परिसरात, याचे काही नमुने मारून जमविले. पुढे मात्र हा पक्षी कोणालाच दिसला नाही.

मधल्या काळात एक विलक्षण घटना घडली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण रानपिंगळा मारल्याचे सांगितले होते. पुढील संशोधकांनी त्यावर विश्वास ठेवून तेथे शोध घेतला; पक्षी मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस पामेला रॅसमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावली असल्याचे सिद्ध झाले. एका पक्ष्याच्या संबंधात हत्या, चोरी आणि असत्य या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. शीले एकमेकांना धरून असतात. एक सुटले की दुसरे सुटते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आणि त्या एका असत्याने शोधकार्य चुकीच्या दिशेला नेले, हे त्याचे फळ.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर खरा पत्ता उरला तो खानदेशचा. रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनंतरचे हे दर्शन होते. पुढे मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ, तळोदा इत्यादी ठिकाणी त्याचा अभ्यास केला. मेळघाट, यावल आणि मध्य प्रदेशातील खंडवा भाग येथेही तो आढळला. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. प्रथम 'अतिसंकटग्रस्त' गणलेल्या या पक्ष्याला आंतरराष्ट्रीय यादीत २०१८ साली 'संकटग्रस्त' या वर्गात आणण्यात आले. तरीही त्याची संख्या अल्पच आहे.

हा पक्षी इतर घुबडांसारखा केवळ रात्री हिंडणारा नाही. तो दिवसा वावरतो, सागाच्या वा इतर झाडांच्या उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. त्यामुळे दोन संकटे त्याच्यावर सहज येतात. जुनी झाडे तुटली की त्याचे घर जाते. आणि उघड्यावर बसत असल्यामुळे गलोलीच्या टप्प्यात तो लगेच येतो. अभ्यासकांनी असे नोंदविले आहे की, स्थानिक लोक त्याला मारतात ते प्रामुख्याने खाण्यासाठी नव्हे. त्याचे अवयव व अंडी काही रूढींमध्ये, ढोल तयार करण्याच्या विधीतही, वापरली जातात. येथे आपल्या विषयाला वेगळे वळण मिळते. त्याकडे पुढे येऊ.

कायद्याची भूमिका

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. मूळ कायद्यात परवाना घेऊन काही पशुपक्ष्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली आणि तितर-लाव्यांसह बहुतेक सर्व वन्य पक्ष्यांची शिकार गुन्हा ठरली. रानपिंगळ्याला पहिल्या अनुसूचीत म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान मिळाले. २०२२ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिने दंडाच्या रकमा वाढविल्या. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

आदिवासींना वनहक्क देणारा २००६ चा कायदाही या बाबतीत सवलत देत नाही. परंपरेने चालत आलेले अनेक हक्क मान्य करताना त्याच्या तिसऱ्या कलमाने शिकारीचा, प्राणी पकडण्याचा आणि त्यांचे अवयव काढण्याचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला आहे. मात्र त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन, वन्यजीव व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि हक्कधारकांना दिला आहे. म्हणजे शिकारीचा हक्क काढून घेणाऱ्या कायद्यानेच रक्षणाचा अधिकार हाती दिला आहे. दुर्दैवाने पहिली गोष्ट पाड्यावर लगेच पोहोचते; दुसरी फार सावकाश पोहोचते.

न्यायबुद्धीने पाहता आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. रानपिंगळ्याचे पहिले नमुने गोळी घालून मिळविले ते सत्ताधारी साहेबांनी. त्याला शास्त्र म्हटले गेले. संस्थानिकांनी व अधिकाऱ्यांनी हजारो पशुपक्षी मारले. त्याला खेळ म्हटले गेले. त्याच काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सुरुवात झाली आणि फाशांवर जगणाऱ्या पारध्यांसारख्या जमातींवर पुढे जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदेशीरपणे पुसला गेला तो १९५२ साली. पुढे सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बाधित झाली आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० साली तळोद्याचे सुमारे २,७०० हेक्टर राखीव जंगल मोकळे करण्यास केंद्राने अनुमती दिली. विस्थापितांना जमीन मिळणे न्याय्यच होते. परंतु ज्यांचे घर धरणाने बुडाले आणि ज्यांचे घर त्या जंगलाच्या ढोलीत होते, ते दोघेही एकाच निर्णयाचे बळी होते. पक्षी नाहीसा होण्याचे सारे खापर गलोलीवर फोडणे म्हणूनच सत्याला धरून होणार नाही.

बुद्धवचन आणि बाबासाहेबांचे विवेचन

तथागतांची अहिंसा ही आहारातील सोवळेपणाची गोष्ट नव्हती. देवदत्ताने भिक्खूंना मांसाहाराची सरसकट बंदी करावी अशी मागणी केली, ती त्यांनी नाकारली. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा तशी शंका आलेली नसेल तर ते मांस घेण्यास भिक्खूला प्रत्यवाय नाही, असे जीवकसुत्तात सांगितले आहे. दुसरीकडे, जिवंत प्राण्यांचा व मांसाचा व्यापार उपासकाने करू नये, असेही अंगुत्तर निकायात आहे. भर आहे तो कृतीमागील चित्तावर आणि उपजीविकेच्या शुद्धतेवर.

तित्तिर जातकात याच मुद्द्याची चर्चा एका पक्ष्याच्या मुखाने येते. पारध्याने पाळलेला तितर आपल्या आवाजाने इतर तितरांना फाशाकडे ओढतो. प्रथम तो गप्प राहतो, तेव्हा पारधी त्याच्या डोक्यावर मारतो. वेदनेने तो ओरडतो आणि त्याचे बांधव पकडले जातात. या हत्येचा दोष माझ्याकडे येतो काय, असे तो तपस्व्याला विचारतो. चित्तात दुष्ट हेतू नसेल तर दोष चिकटत नाही, असे उत्तर त्याला मिळते. पारतंत्र्यात, मारापोटी केलेली कृती आणि स्वतःच्या इच्छेने केलेली कृती यांतील हा भेद आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा भेद आधुनिक भाषेत आणि फार स्पष्टपणे मांडला. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत. जेथे केवळ इच्छेखेरीज दुसरे कारण नाही, तेथील हत्येचा बुद्धाने निषेध केला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एका टोकाला कधीच न मारण्याचा निर्धार आणि दुसऱ्या टोकाला यज्ञासाठी मारण्याची इच्छा, यांच्यामधला हा मध्यम मार्ग होय. शिवाय अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, हेही त्यांनी बजावले. नियम माणसाला जखडतो. तत्त्व त्याला विचार करण्यास स्वातंत्र्य देते आणि म्हणूनच जबाबदारही धरते.

ही कसोटी सातपुड्यातील शिकारीला लावून पाहू. शिकारीचे तीन प्रकार आपोआप वेगळे होतात.

पहिली भुकेची शिकार. घरात दुसरे काही नसताना पोटासाठी पाडलेला पक्षी हा गरजेचा विषय आहे. येथे दोष देण्यापूर्वी गरज कोणी निर्माण केली हे विचारावे लागते. कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला त्याच्या पुरोहिताने दिलेला सल्ला आपणांस ठाऊक आहे. दंड करून, बंधनात टाकून उपद्रव थांबत नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन दिले म्हणजे तो थांबतो. त्याच सुत्तातील आदर्श यज्ञात शेळ्या-मेंढ्या वा कोंबड्या मारल्या जात नाहीत आणि यूपासाठी झाडेही तोडली जात नाहीत. आर्थिक न्याय, प्राणिदया आणि वृक्षरक्षण ही तिन्ही तेथे एकाच ठिकाणी येतात, हा योगायोग नव्हे.

दुसरी बाजाराची व हौसेची शिकार. शहरातील ढाब्यावर तितर-लाव्यांची चव हवी म्हणून, वा पिंजऱ्यात पोपट हवा म्हणून पक्षी पकडले जातात, तेव्हा फासा लावणारा हात गरिबाचा असतो, पण इच्छा दुसऱ्याचीच असते. जातकातील तितराप्रमाणे येथे पारधीही एका अर्थाने आमिष म्हणून वापरला जातो. विकत घेणारा मात्र निर्दोष सुटतो. धम्माच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यालाच विचारला पाहिजे.

तिसरी अंधश्रद्धेची शिकार. घुबड अपशकुनी म्हणून, त्याचे हाड वा अंडे मंत्रतंत्रात लागते म्हणून त्याला मारणे, यात भूक नाही, आत्मरक्षण नाही. ही केवळ इच्छा आहे आणि तीही अविद्येतून आलेली. घुबडाविषयीचा हा समज आदिवासींचाच आहे असेही नाही. दिवाळीच्या सुमारास घुबडांना बळी देणारे लोक शहरांतून, सुशिक्षितांतूनही आढळतात. नंदुरबार जिल्ह्यात 'डाकीण' ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना घडल्या आहेत. जी अविद्या निरुपद्रवी पक्ष्याला अपशकुनी ठरविते, तीच निराधार स्त्रीला डाकीण ठरविते. म्हणून महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यामागची दृष्टी आणि रानपिंगळ्याचे रक्षण यांचे नाते जवळचे आहे. पहिल्या दोन प्रकारांत करुणेने समजून घ्यावे लागेल. तिसऱ्याला मात्र धम्मात आधार नाही.

अशोकाचे दोन मार्ग

राज्यसत्तेने प्राणिरक्षण हाती घेतले म्हणजे काय होते, याचा आपल्या देशातील सर्वांत जुना लेखी अनुभव सम्राट अशोकाचा आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात धार्मिक राजाने पशुपक्ष्यांनाही संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. अशोकाने ते प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. त्याने आरंभ स्वतःपासून केला, हे विशेष. पहिल्या शिलालेखात राजाच्या स्वयंपाकघरातील हत्या दोन मोर आणि एक हरिण इथवर आणल्याचे व तीही पुढे बंद होणार असल्याचे नमूद आहे. आठव्या शिलालेखात मृगयेच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे त्याने सांगितले. या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्याच महाराष्ट्रात, सोपारा येथे मिळाला. शिकार सोडल्याची ही घोषणा महाराष्ट्राच्या भूमीवर दोन हजारांहून अधिक वर्षे कोरलेली आहे.

राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक, हंस इत्यादी अवध्य पक्ष्यांची यादीच आहे. विनाकारण जंगल जाळू नये अशी आज्ञाही आहे. परंतु तेराव्या शिलालेखात अरण्यातील लोकांना उद्देशून समजुतीबरोबर राजाच्या दंडशक्तीची आठवणही करून दिलेली आढळते. अरण्य राखणारी सत्ता आणि अरण्यात राहणारा माणूस यांच्यातील ताण इतका जुना आहे.

त्या अनुभवातून अशोक कोणत्या निष्कर्षावर आला? सातव्या स्तंभलेखात तो सांगतो की, धम्मवृद्धीचे दोन मार्ग आहेत. एक नियमाचा आणि दुसरा मननाचा, अंतःकरण पटविण्याचा. प्राणी अवध्य ठरविणे हा नियम झाला. पण नियमाने थोडेच साधते, मननाने अधिक साधते. आयुष्यभर आज्ञा काढणाऱ्या सम्राटाने दिलेली ही साक्ष आहे. आजच्या वनखात्याने आणि पक्षिप्रेमींनी ती मनावर घ्यावी अशी आहे.

मन वळल्याची उदाहरणे

मनाने घडलेला बदल आपल्या काळातही दिसतो. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयापाशी दरवर्षी स्थलांतर करून येणारे अमूर ससाणे २०१२ साली जाळ्यांत हजारोंच्या संख्येने मारले जात असल्याचे उघड झाले. पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी, चर्चने व संस्थांनी लोकांशी बोलून निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी ती हत्या जवळजवळ थांबली. महाराष्ट्रात अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर तणमोर व गवताळ माळ यांच्या रक्षणाचे काम केले. पक्षी कोठे अंडी घालतो, कोणत्या ऋतूत कोठे उतरतो, हे फासे लावणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेच ज्ञान रक्षणाच्या कामी आले. शिक्का पुसून माणसाला मान दिला की त्याची विद्या कुशल कर्माकडे वळते.

मोलगीच्या परिसरातही यास अनुकूल भूमी आहे. जवळच्या काठी येथील होळी प्रसिद्ध आहे. तेथील होळीच्या नृत्यात पुरुष मोरपिसांचे टोप घालतात. मोर स्वतःच पिसे गाळतो. त्यासाठी त्याला मारावे लागत नाही, आणि १९७२ च्या कायद्यातही मोराच्या शेपटीच्या पिसांना व्यापारबंदीतून वगळण्यात आले. परंपरा आणि प्राणरक्षण यांचा मेळ बसू शकतो, याचा हा पुरावा त्या समाजाच्या उत्सवातच आहे.

आपले कर्तव्य

आपल्या वाचकांपैकी कित्येक जण शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, वनरक्षक म्हणून आदिवासी भागांत सेवा करतात. त्यांच्या दृष्टीने या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ काय?

एक, अहिंसेच्या नावाने आदिवासींच्या आहाराची हेटाळणी होऊ देऊ नये. कोणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाची प्रत ठरविण्याचा अनुभव आपल्या समाजाने शतकानुशतके घेतला आहे. तोच माप आपण दुसऱ्याला लावता कामा नये.

दोन, गरज कमी करावी म्हणजे हत्या कमी होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. पुढे बालकांना अंडी देण्याची तरतूदही तीत झाली. अंगणवाडीत वेळेवर पोहोचलेले अंडे रानातील पक्ष्याचा जीव जितका वाचवील, तितका दंडाचा धाक वाचविणार नाही. ते पोहोचते की नाही हे पाहणे हे पहिल्या शीलाचेच पालन होय.

तीन, शिक्षकांनी घुबडाविषयीचे भय विज्ञानाने दूर करावे. रानपिंगळा उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याचे धान्य राखतो, एवढे मुलांना दाखवून दिले तरी अर्धे काम होते. आणि हे त्यांच्या बोलीत, त्यांच्या वडीलधाऱ्यांना मान देऊन झाले पाहिजे.

चार, ग्रामसभेला वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाची माहिती द्यावी. आपल्या रानात कोणता पक्षी कधीच मारायचा नाही, कोणते झाड तोडायचे नाही, हे ग्रामसभेने स्वतः ठरविले तर तो निर्णय बाहेरून आलेल्या आज्ञेपेक्षा अधिक काळ टिकेल.

रानपिंगळा शंभरावर वर्षे जगला तो सातपुड्यात, जेथे आदिवासीही जगले. दोघांनाही बाहेरच्या जगाने फार उशिरा पाहिले. एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याला अपराधी ठरवावे लागते, ही समजूत जितक्या लवकर दूर होईल तितके दोघांचे हित आहे. मैत्री ही लहान-मोठ्या, दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या सर्व प्राण्यांसाठी आहे, असे आपण म्हणतो. त्या सर्वांत झाडाच्या ढोलीतील पक्षी येतो आणि झाडाखाली गलोल घेऊन उभा असलेला भुकेला मुलगाही येतो.